साडेअडतीस अंश

मे महिन्यातली दुपार, दोनची वेळ. रायपूरच्या शंकर नगरातल्या दुकानांची शटरं अर्ध्यावर आली आहेत, बीटीआय मैदानावर चिटपाखरू नाही, आणि तेलीबांधा तलावाकडून येणारा वारासुद्धा भट्टीतून निघाल्यासारखा तोंडावर येतो. तुम्ही गॅलरीत उभे आहात. समोर, कंपाउंडच्या भिंतीलगत पडलेल्या हातभर सावलीत एक ठेंगणी, पांढुरकी गाय उभी आहे. कोसली, छत्तीसगडच्या मैदानातली घरची गाय. डोळे अर्धे मिटलेले, रवंथ संथ चाललेला.

रस्त्यावर पारा ४४. गाईच्या पोटात मात्र साधारण ३८.५. हा साडेपाच अंशांचा फरक ती घामानं, श्वासानं, कातडीखाली पसरलेल्या रक्तानं आणि सावली शोधायच्या शहाणपणानं राखते आहे. तिच्या गर्भाशयात काल-परवा एखादा जीव रुजला असेल, तर त्याला या उन्हाची बातमीही नसेल. त्याच्या वाटचा घाम आई गाळते आहे.

आता असा विचार करा, की तोच जीव आईच्या पोटात नाही. तो काचेसारख्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या बशीत, तेलाखालच्या एका थेंबात आहे. त्याच्यासाठी घाम गाळायला कुणी नाही. वीज गेली, दार उघडं राहिलं, हवेत प्राणवायू जास्त झाला, पाण्यात साखर जास्त झाली, तर तो काय करतो? कसं सोसतो?

उत्तरासाठी काळात मागे जावं लागेल. सोबत फक्त एक आकडा घ्या, ३८.५. डोळे मिटा.

उघडता, तेव्हा शंकर नगर नाही. पळसाचं विरळ रान, धुळीचा गाडीरस्ता. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आहे. बिंबाजी भोसले रतनपुरात बसून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले आहेत आणि नागपूरहून पूर्वेकडे माणसं, धान्य, दारूगोळा सारखा चाललेला आहे. तुमच्यासमोरून गाड्यांची रांग जाते. बैल पांढरेशुभ्र, अंगानं सडपातळ, लांबोडक्या तोंडाचे, आणि चालताना जवळजवळ दुडक्या चालीत. गवळाऊ. वर्धा-नागपूरच्या गवळ्यांनी जोपासलेला वाण. मराठ्यांच्या फौजेचं सामान घाटवाटांनी भराभर नेण्यासाठी तो निवडत निवडत घडवला गेला असं मानतात. आजही हा वाण वर्ध्यापासून दुर्ग-राजनांदगावपर्यंत आढळतो. रायपुरातल्या कितीतरी मराठी घरांचे पूर्वज ज्या वाटेनं इकडे आले, त्याच वाटेवर.

एका बैलाच्या मानेवर हात ठेवून पाहा. कातडी सैल, केस आखूड आणि चकाकते, गळ्याखाली पोळी लोंबते आहे, खांद्यावर वशिंड. या उन्हात तो धापा टाकत नाही. हजारो वर्षं या हवेनं ज्यांना ठेवून घेतलं त्यांचा हा वंशज आहे. हा वारसा फक्त कातडीत आणि घामाच्या ग्रंथींत आहे असं तुम्हाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. तो त्याहून खूप खोल, पेशी-पेशीत गेलेला आहे. पण ते कळायला अजून दोनशे वर्षं जायची आहेत.

पुन्हा डोळे मिटा. १९६० च्या दशकाचा आरंभ, इटली.

छोटी प्रयोगशाळा. फेरुच्चो रितोसा नावाचा तरुण संशोधक सूक्ष्मदर्शकावर वाकला आहे. त्याच्यासमोर गाय नाही, साधी फळमाशी आहे. तिच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांचे पट्टे मोजता येतात. जिथे एखादं जनुक कामाला लागतं, तिथे तो पट्टा भिजलेल्या हरभऱ्यासारखा फुगतो. रितोसा रोज हे फुगे पाहतो. आज मात्र फुगे भलत्याच जागी आहेत. नेहमीचे दबलेत, आणि एरवी निपचित असलेले दोन-चार पट्टे टरारून वर आलेत.

तुम्ही त्याच्या मागेच उभे आहात, म्हणून तुम्हाला कारण ठाऊक आहे. कुणी सहकाऱ्यानं इन्क्युबेटरचं तापमान नकळत वाढवून ठेवलं होतं. रितोसाला ते थोड्या वेळानं उमगतं. दुसरा कुणी असता तर नमुने फेकून देऊन नव्यानं सुरुवात केली असती. हा मुद्दाम पुन्हा तापवून पाहतो. पुन्हा तेच फुगे. मग उष्णता न वाढवता, पेशीच्या श्वसनात अडथळा आणणारं रसायन घालतो. तरीही तेच फुगे! म्हणजे पेशी फक्त ऊन ओळखत नाही, ती संकट ओळखते, आणि संकट कुठलंही असो, एक ठरावीक कपाट उघडते.

त्याचा निबंध एका नामवंत नियतकालिकाकडून परत आला. जीवशास्त्राच्या दृष्टीनं यात महत्त्वाचं काही दिसत नाही, असं म्हणून. १९६२ मध्ये तो दुसरीकडे छापला गेला. त्या कपाटात काय ठेवलेलं असतं हे १९७४ साली समजलं. ती प्रथिनं होती. आज त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात. पेशीतली प्रथिनं म्हणजे नीट घडी घातलेले कपडे समजा. उष्णतेनं घड्या मोडतात, बोळे होतात, बोळे एकमेकांत अडकतात. ही खास प्रथिनं त्या बोळ्यांना धरून ठेवतात, शक्य तिथे पुन्हा घडी घालतात. जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ प्रत्येक सजीवात ती सापडली. मघाच्या गवळाऊ बैलातही, आणि थेंबातल्या आपल्या जीवातही.

इथून पुढे झपाझप चला. ९ जून १९८१, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. शरीराबाहेर फलन झालेलं जगातलं पहिलं वासरू जन्माला आलंय, नाव व्हर्जिल. बेंजामिन ब्रॅकेट आणि सहकाऱ्यांच्या या वासराला तुम्ही गोंजारून घ्या, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याचा भ्रूण जेमतेम चार पेशींचा असतानाच गाईच्या शरीरात परत ठेवावा लागला होता. त्यापलीकडे बाहेर जगवायची युक्ती तेव्हा कुणापाशी नव्हती. त्या काळात गाईचे भ्रूण बशीत आठ-सोळा पेशींपर्यंत यायचे आणि तिथेच थांबायचे. जणू गाडी घाटाच्या पायथ्याशी येऊन बंद पडावी.

म्हणून डब्लिनला या. त्याच दशकाच्या उत्तरार्धात इयान गॉर्डन यांच्या चमूनं विलक्षण वाट काढली. गाईचे भ्रूण उचलून मेंढीच्या अंडवाहिनीत ठेवायचे, तिच्याकडे काही दिवस सांभाळायला द्यायचे, आणि घाट चढून गेले की परत काढून गाईच्या गर्भाशयात. मेंढी म्हणजे तात्पुरती दाई. दाईकडे असं काय होतं जे बशीत नव्हतं? मेंढीच्या अंडवाहिनीतल्या द्रवात काय काय असतं ते तपासून त्या बेतानं पाणी तयार करण्याची खटपट १९७२ पासूनच सुरू होती. त्याच पाण्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. मेंढीचं हे ऋण मला फार मोलाचं वाटतं.

आता घराकडे. ३ नोव्हेंबर १९९०, हरियाणातलं कर्नाल, राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था. डॉ. एम. एल. मदन यांच्या चमूच्या हातात एक ओलं, काळं रेडकू आहे. प्रथमा. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेली जगातली पहिली म्हैस. ही जगातली पहिली आपल्याकडे झाली, कारण म्हशीचा प्रश्न मुळात आपला होता.

चोवीस वर्षं पुढे या, पण जागा सोडू नका. १२ डिसेंबर २०१४. याच कर्नालमध्ये दीपाशा जन्मते. तिच्या जन्मात छत्तीसगडचा वाटा आहे. रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी, आणि उदंतीच्या अभयारण्यात तेव्हा माद्या जवळजवळ संपल्या होत्या. तिथल्या ‘आशा’ नावाच्या रानम्हशीच्या शरीरातल्या पेशी घेऊन तिची ही प्रतिकृती घडवली. २०१८ मध्ये दीपाशा नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणली गेली. शंकर नगरातून गाडीनं तासाभराच्या आत पोचाल.

दीपाशाजवळ थोडं जास्त थांबा, कारण आपल्या प्रश्नाचा धागा तिच्यापाशी आहे. आशाच्या पेशीतलं केंद्रक ज्या बिजांडात ठेवलं, ते बिजांड आशाचं नव्हतं. पाळीव म्हशीच्या अंडाशयातून आलेल्या बिजांडातलं स्वतःचं केंद्रक काढून ती रिकामी खोली आशाच्या केंद्रकाला दिली. केंद्रक आशाचं; पण बिजांडातलं बाकी सगळं, म्हणजे सायटोप्लाझम, त्यातली ऊर्जा निर्माण करणारी मायटोकाँड्रिया, साठवलेली प्रथिनं, पुढच्या कामाचे लिहून ठेवलेले संदेश, ते त्या अनाम म्हशीचं. भ्रूणानं पहिले काही दिवस काढले ते तिनं बांधून दिलेल्या शिदोरीवर.

शिदोरी. आजच्या सगळ्या प्रवासात माझं सांगणं या एका शब्दाभोवती आहे.

ती कशी संपते आणि संपल्यावर काय होतं, ते पाहायला आता तुम्हाला लहान व्हायचंय. बिलासपूरजवळच्या गोपालनगरात आणि पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात वडगाव रासाईला जेके ट्रस्टची केंद्रं आहेत. तिथे गीर, साहिवाल अशा देशी गाईंचे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवतात. अशा कुठल्याही प्रयोगशाळेत, इन्क्युबेटरच्या आत, एका थेंबात उतरा. तुमची उंची आता मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून जराशी जास्त.

अंधार आहे. हवा दमट, तापमान ३८.५. डोक्यावर खनिज तेलाचा थर, म्हणजे थेंबातलं पाणी उडून जाऊ नये आणि खारटपणा वाढू नये. शेजारी एक गोल, तेवढाच मोठा जीव तरंगतो आहे. परवा एका दात्या गाईच्या अंडाशयातून सुईनं हे बिजांड खेचून आणलं. बाईमाणसांची सोनोग्राफी होते तसा पडदा पाहत डॉक्टरांनी ते टिपलं. चोवीस तास ते पिकलं. मग शुक्रजंतूंसोबत ठेवलं. आता फलन झालंय. हा पहिला दिवस.

दोन पेशी होतात. तुम्ही हात लावून पाहा, सगळं शांत. त्याचं स्वतःचं जनुकांचं कपाट अजून जवळजवळ कुलूपबंद आहे. जे चाललंय ते आईच्या शिदोरीतून. आणि त्याच शिदोरीत ग्लुटाथायोन नावाचं एक गाठोडं आहे, जे बिजांड पिकतानाच बांधलं गेलं. ते का लागतं, पाहा.

इन्क्युबेटरचं दार उघडतं. कुणीतरी शेजारची बशी काढतंय. बाहेरची हवा आत येते, तिच्यात वीस टक्क्यांहून जास्त प्राणवायू. गाईच्या अंडवाहिनीत तो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. तुम्हाला आम्हाला प्राणवायू म्हणजे जीव, पण या दोन पेशींना जास्तीचा प्राणवायू म्हणजे गंज. त्यातून तिखट, चंचल रेणू सुटतात, पेशीच्या आवरणाला, डीएनएला चावे घेतात. ग्लुटाथायोन पुढे होऊन ते चावे स्वतःवर घेतं. गाठोडं थोडं हलकं होतं. दार उघडताना कार्बन डायऑक्साइडही कमी होतो, पाण्याची आम्लता बदलते. पेशी ती आतून सावरते. सूक्ष्मदर्शकाचा दिवा अंगावर पडतो, तेव्हा पुन्हा तेच. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत प्राणवायू पाच टक्क्यांवर ठेवतात, दिवा मंद ठेवतात, दार कमीत कमी उघडतात. अत्तर लावून आत येणाऱ्याला दारातच थांबवतात, कारण अत्तराचं बाष्प तेलात उतरतं.

आता समजा वीज गेली, किंवा यंत्रानं दगा दिला, आणि पारा ४१ वर गेला. अडीच अंश. तुम्हाला एवढ्यानं घामही फुटणार नाही. शेजारच्या दोन पेशी मात्र कळवळतात. रितोसानं पाहिलेलं कपाट त्या उघडू पाहतात. दोन पेशींचा गाईचा भ्रूणही हीट शॉक प्रोटीन थोडंफार बनवतो हे दिसलंय. पण ते पुरत नाही. सहा-बारा तास असं तापमान राहिलं, तर यातले बरेच सातव्या दिवसापर्यंत पोचत नाहीत. आणि एक कठोर गोष्ट: या वयात खराब झालेली पेशी वेगळी काढून टाकायची सोयही नाही. दोनच पेशी आहेत, कुणाला टाकणार?

दुसरा दिवस, चार पेशी. तिसरा दिवस, आठ. शिदोरी खाली खाली जाते आहे. हीच ती घाटाच्या पायथ्याची जागा, जिथे जुन्या काळातले भ्रूण अडकत. आता पाहा. आठ आणि सोळा पेशींच्या मधे कुठेतरी कुलपं उघडू लागतात. भ्रूणाची स्वतःची जनुकं कामाला लागतात. तोवर आईच्या डब्यातलं खाणाऱ्या घरात पहिल्यांदा स्वतःची चूल पेटते. तुम्हाला तो क्षण दिसत नाही, आवाज नाही, उजेड नाही. पण मला विचाराल तर वासराचा खरा जन्मदिवस हा आहे. आईबापांची जनुकं एकत्र येऊन त्याचा स्वतःचा पहिला शब्द उमटतो तो आज.

चूल पेटली की सोसणं बदलतं. सोळा पेशींनंतर तो ग्लुटाथायोन स्वतः जमवू लागतो. बिघडलेल्या घड्या मोडायची, नव्या घालायची यंत्रणा जोर धरते. आणि जी पेशी फारच खराब झाली, तिला तो शांतपणे मरू देतो. पेशीचं हे ठरवून मरणं या वयापासून शक्य होतं. काही पेशी गेल्या तरी घर उभं राहतं. पाचवा-सहावा दिवस उजाडेतो पेशी एकमेकींना इतक्या बिलगतात की मोजता येत नाहीत. आता ४१ अंश सहा-बारा तास लावून पाहा. पहिल्या दिवशी ज्यानं मान टाकली असती, तो आज सहन करतो.

शेजारच्या थेंबांकडेही पाहा. एका थेंबात एकटाच भ्रूण आहे, दुसऱ्यात पंधरा-वीस. गर्दीतले बरे वाढतात. ते काहीतरी रसायनं पाण्यात सोडतात, एकमेकांची वाढ सावरतात. खेडेगावातल्या वाड्याची आठवण यावी असंच आहे ते. एकट्याला सगळं स्वतःच करावं लागतं.

सातवा दिवस. आत पाण्याची पोकळी तयार झालीय, एका कडेला पेशींचा पुंजका, ज्याचं वासरू होईल, आणि भोवती पातळ आवरण, ज्याची वार होईल. शंभर पिकलेल्या बिजांडांतून इथवर पोचणारे साधारण तीस ते चाळीस. बाकीचे वाटेत थांबले.

जे पोचले, त्यांना हे सोसणं फुकटात मिळालेलं नाही, हे सांगायला हवं. हेन्री लीज या इंग्लिश शास्त्रज्ञानं २००२ साली एक कल्पना मांडली, की जो भ्रूण कमी खातो, कमी धावपळ करतो, शांत असतो, तोच जास्त जगतो. दुरुस्तीत गुंतलेला भ्रूण जास्त खातो, जास्त ऊर्जा जाळतो. पुढे त्यांनीच ही कल्पना मवाळ केली, की अगदी कमीही नको, जास्तही नको, बेताचं हवं. बशीतल्या भ्रूणात चरबीचे थेंब जास्त साठतात, तो गडद दिसतो, आणि गोठवण आईच्या पोटात वाढलेल्या भ्रूणाइतकी नीट सोसत नाही. १९९० च्या दशकात, पाण्यात रक्तद्रव घालायची पद्धत होती तेव्हा, काही वासरं अवाजवी मोठी जन्मली, गाई अडल्या. सात दिवसांतला ताण नऊ महिन्यांनी गोठ्यात दिसला. जनुकं तीच, पण त्यांच्यावरच्या खुणा बदललेल्या. पाणी सुधारलं, रक्तद्रव कमी झाला, तसा हा त्रासही कमी झाला.

थेंबातून बाहेर या, पूर्ण उंचीचे व्हा. शेवटचा मुक्काम: १९९० च्या दशकाचा आरंभ, फ्लोरिडा, गेन्सव्हिलचं विद्यापीठ. इथेही उन्हाळा दमट, इथल्या होल्स्टीन गाईही रायपूरच्या संकरित गाईंसारख्याच धापा टाकतात. पीटर हॅन्सन आणि त्यांचे सहकारी एक साधा, देखणा प्रयोग करताहेत. काही गाईंना रेतन झाल्यावर पहिल्या दिवशी ताप होईल असं ऊन द्यायचं, काहींना तिसऱ्या दिवशी, काहींना पाचव्या, सातव्या. आठव्या दिवशी भ्रूण धुऊन काढून पाहायचे. १९९३ साली छापलेला निकाल: पहिल्या दिवशीचं ऊन भ्रूणांना मारतं. तिसऱ्या दिवसापासून पुढे ते नुकसान दिसत नाही. बशीत तुम्ही जे पाहिलंत, तेच पोटातही.

त्याच संशोधनाच्या ओघात २००० च्या दशकात त्यांनी ब्राह्मन गाईंचे भ्रूण अँगस आणि होल्स्टीनच्या भ्रूणांशेजारी तापवून पाहिले. ब्राह्मन म्हणजे वशिंडाच्या, आपल्या गीर-ओंगोलसारख्या वाणांतून अमेरिकेत घडलेली गाय. तिच्या भ्रूणांनी ताप जास्त सोसला. बशीत त्यांना घाम नव्हता, गळ्याची पोळी नव्हती, सैल कातडी नव्हती. नुसत्या पेशी होत्या. त्या गाडीरस्त्यावर गवळाऊच्या मानेवर तुम्ही हात ठेवला होता, तो वारसा इतका आतला आहे. गवळाऊ, कोसली, डांगी, लाल कंधारी यांच्यावर असे प्रयोग भरपूर व्हायला हवेत, आणि ते नागपूर-दुर्गच्या पशुवैद्यक विद्यापीठांत व्हायला हवेत. हे माझं मत आहे आणि ते मी जोरानं मांडतो.

डोळे उघडा. शंकर नगर, तीच गॅलरी. साडेतीन वाजलेत. गाय सावलीबरोबर दोन पावलं सरकली आहे.

आता तुम्हाला एक गोष्ट नव्यानं कळते. प्रयोगशाळेतला सात दिवसांचा भ्रूण उन्हाळ्यात दाई गाईत ठेवला, तर तो पहिले नाजूक दिवस ओलांडून आलेला असतो. म्हणूनच भर उन्हाळ्यात, जेव्हा रेतन केलेल्या गाई एकामागून एक उलटतात, तेव्हा भ्रूण प्रत्यारोपणानं जास्त गाई गाभण राहतात असं फ्लोरिडात दिसलं. बशी म्हणजे फक्त ताणाची जागा नाही. पहिल्या दिवसाच्या उन्हापासून ती आडोसाही आहे, अट एवढीच की तिच्यातले ३८.५ अंश आणि पाच टक्के प्राणवायू कुणीतरी जिवापाड सांभाळतंय.

पण शिदोरी मात्र बशीत बांधता येत नाही. ती दात्या गाईच्या अंडाशयात बांधली जाते, आठवडे आधी. उन्हात तापलेल्या गाईच्या बिजांडांचा दर्जा ऊन सरल्यावरही काही आठवडे उतरलेला राहतो, हे इस्राएलमधल्या झ्वी रोथ यांच्या कामानं दाखवलं. मे महिन्यात गाईला जे सोसावं लागलं, त्याचा हिशोब पावसाळ्यातल्या बिजांडात लागतो. माझा निवाडा इथे ठाम आहे: चांगल्या भ्रूणाची तयारी इन्क्युबेटरपाशी नाही, गोठ्यात सुरू होते. महागडं यंत्र आणायच्या आधी दात्या गाईच्या डोक्यावर छप्पर आणा.

दुर्गकडच्या, बेमेतराकडच्या, किंवा तिकडे शिरूर-इंदापूरच्या गोठ्यात तुमचं कुणी नातेवाईक असेल, तर आज संध्याकाळी त्यांना फोन करा. सांगा की गाय माजावर आली आणि भरवली, की त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस तिला उन्हात बांधू नका. चरायला पाठवायचीच असेल तर पहटियाला, म्हणजे गुराख्याला, सांगून पहाटे आणि उन्हं कलल्यावर पाठवा, दुपारी दइहानात, म्हणजे गावातल्या गुरांच्या थांब्यावर, दाट सावलीत राहू द्या. गार पाणी दिवसभर समोर ठेवा, अंगावर पाणी मारा, गोठ्याच्या पत्र्यावर पेंढा टाका. भ्रूण प्रत्यारोपण करून घेणार असाल, तर प्रयोगशाळेला दोन प्रश्न जरूर विचारा: प्राणवायू किती ठेवता, आणि वीज गेली तर इन्क्युबेटर किती तास टिकतो?

आणि आत्ता, खाली जाऊन त्या गाईसमोर एक बादली पाणी ठेवा.